ताईने पाडलेला गिलावा

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझं औषधाचं दुकान आहे. लोक चिठ्ठी पुढे करतात आणि मी गोळ्या काढता काढता विचारतो, खोकला आडवं झाल्यावरच येतो का, उशी उंच आहे का, घरात मांजर आहे का. काही गिऱ्हाइकांना याचा राग येतो. माझ्या थोरल्या बहिणीला येत नाही, पण ती उत्तरही देत नाही. "उघडली का चौकशीची खिडकी," एवढंच म्हणते आणि आपल्या कामाला लागते. ही गोष्ट तिचीच आहे. तिने पन्नाशीला नोकरी सोडून कॉलेजात नाव का घातलं, या एका चौकशीचं उत्तर मिळवायला मला काही वर्षं लागली.

ताई दात करायची. ती दातांची डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बघतात, ताई डबीत बघायची. डॉक्टरांनी तोंडाचं माप घेतलं की ते डबीतून लॅबमध्ये यायचं, आणि ताई त्यावरून दात घडवायची, आधी मेणात आणि मग पोर्सेलिनमध्ये. शेजारच्या खऱ्या दातावर चहाची पिवळट झाक असेल तर हिच्या दातावरही ती झाक यायची. त्याला बारीक तडा असेल तर हिच्याही दाताला तडा. मग डबी परत जायची. दात कुणाच्या तोंडात बसला, ते माणूस हसतं कसं, यातलं ताईला काही कळत नसे. लॅबमध्ये धुळीचं निमित्त सांगून बाहेरच्या कुणाला आत सोडत नसत, त्यामुळे एवढ्या वर्षांत आम्हीही तिला काम करताना पाहिलं नव्हतं. वडील चिडवायचे, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात." ताई म्हणायची, "माझं भरतं. तुमचंही भरतं." मग ते मुकाट्याने जेवायचे.

तर एका संध्याकाळी जेवताना ताईने जाहीर केलं, की तिला चित्र-शिल्पाच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. चार वर्षांची पदवी, रोज जायचं, हातानं काम करायचं. प्रवेशपरीक्षा होऊन गेली होती आणि लॅबमालकांना सांगूनही झालं होतं. म्हणजे घरचे सोडून सगळ्यांना ठाऊक.

माझा घास हातातच राहिला. "अगं पण का?"

"रंग बघायचेत," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोने विचारलं, "वन्सं, खरं सांगा, का हो?" तर तिला म्हणाली, घरी बसून कंटाळा येतो. ही बाई आयुष्यात कधी घरी बसलेली नाही. समोरच्या काकांना तिने सांगितलं, गुडघे दुखतात म्हणून. काकांनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले, "बघा हं, चणे मिळाले तेव्हा दात नाहीत, असं नको व्हायला." ताई म्हणाली, "काका, दातांचं मला नका सांगू." काका अजून ते दुसऱ्यांना सांगून हसतात, पण उत्तर त्यांनाही मिळालं नाही. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस जेव्हा प्रत्येकाला वेगळं कारण सांगतं, तेव्हा आत काहीतरी असतंच. मी हात धुऊन मागे लागलो.

कॉलेज म्हणजे काय असतं तेही मला बघायचंच होतं. ताईचं सामान जड, माझी गाडी मोकळी, त्यामुळे आयती संधी मिळायची. मोठाल्या खिडक्यांच्या खोल्या, जमिनीवर रंगांचे इतके थर की मूळ फरशी कुठली ते कळू नये, कोपऱ्यात ओल्या फडक्यांत गुंडाळलेली मातीची मुंडकी. पोरं-पोरी विशीतली. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताईचं नाव दातेकाकू ठेवलं. आमचं आडनाव वेगळंच आहे, पण ताईने दुरुस्त केलं नाही.

पहिल्या वर्षी तिची फजिती झाली, आणि ती घरी येऊन स्वतःच हसत सांगायची. समोर एक जुना घडा ठेवला होता, काठाचा टवका उडालेला. सगळ्यांनी तो काढला. ताईचा घडा बाकी हुबेहूब, फक्त काठ अख्खा. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "टवका कुठे गेला?" ताई म्हणाली, "बुजवला." वर्ग हसून लोळला. तिला कळेचना की हसण्यासारखं काय आहे. मग माणूस बसवून चित्र काढायची वेळ आली. बसायला येणाऱ्या गृहस्थांचा एक खांदा खाली होता, डावी भुवई वर होती. ताईने खांदे सरळ केले, भुवया एका रेषेत आणल्या, नाकही थोडं मध्यावर घेतलं. गृहस्थ चित्र बघून खूश झाले आणि म्हणाले, "हे मला द्या." बाई मात्र म्हणाल्या, "हूं."

या बाईंना पोरं हूंबाई म्हणत. त्या फार बोलत नसत. काम आवडलं तरी हूं, नाही आवडलं तरी हूं, आणि त्या दोन हूंमधला फरक ओळखण्यात पोरांची चार वर्षं जायची. ताईला फरक पहिल्या महिन्यातच कळला असावा, कारण त्या दिवशी ती गाडीत बसल्यावर म्हणाली, "मी बघतच नाहीये रे. दिसायच्या आधीच नीट करून टाकते."

दुसऱ्या वर्षी तिने शिल्प घेतलं. तेव्हापासून सगळे तिच्याकडे एकच गोष्ट मागू लागले. सर म्हणत, तुमचा एवढा अनुभव आहे, दात आणा की कामात. पोरं म्हणत, काकू, माणसाएवढी दाढ करा, भारी दिसेल. ताई त्यांच्यावर चिडली. घरी आल्यावर भांडी जरा जोरात ठेवत म्हणाली, "दातच करायचे होते तर लॅब काय वाईट होती?" मी लगेच संधी साधली. "मग काय करायला गेलीस?" तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "पाणी तापलंय, आंघोळीला जा."

आता खरी गोष्ट तिसऱ्या वर्षाची. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तिथे परीक्षण असतं. प्रत्येकाने मोठ्या हॉलमध्ये आपलं काम मांडायचं. तीन परीक्षक येतात, काम बघतात, आपसात बोलतात. नियम असा, की ज्याचं काम आहे त्याने त्या वेळात एक शब्द बोलायचा नाही. पास झालं तर चौथ्या वर्षी स्वतःची खोली मिळते, दारावर नावाची पाटी लावून. नाही झालं तर वर्ष पुन्हा, नाहीतर घरचा रस्ता. ताईला ती खोली हवी होती. ती उगाच त्या बाजूने चालत जायची आणि उघड्या दारातून आत बघायची, हे मी स्वतः पाहिलंय. दुसरीकडे लॅबमालकांनी निरोप धाडला होता, की तुमच्या जागेवर घेतलेला माणूस सोडून गेलाय, परीक्षणापर्यंत जागा तुमच्यासाठी ठेवतो, नंतर दुसरा माणूस घेतो. म्हणजे एका दिवसावर दोन्ही टांगलेलं.

परीक्षणासाठी ताईला हॉलच्या मागच्या भिंतीचा एक पट्टा मिळाला. सगळ्यांत वाईट जागा. तिथे हातभर गिलावा निखळून पडला होता, आत विटा दिसत होत्या आणि वरून एक तडा थेट छताकडे गेला होता. इतर तिच्यासाठी हळहळले. ताई मात्र त्या भोकासमोर स्टूल टाकून बसली ती कितीतरी दिवस बसूनच राहिली. मग तिने लॅबमधून माप घ्यायचं सामान मागवलं आणि त्या पडक्या गिलाव्याचं माप घेतलं, एखाद्या रोग्याचं घ्यावं तसं. मग रीतसर परवानगी काढून तिने शेजारची चांगली भिंत खणली, आणि त्या खड्ड्यात पहिल्या खड्ड्याची नक्कल बसवली. कठीण प्लास्टरच्या विटा, विटांवरचा लालसर भुगा, सुटू बघणारा पोपडा, कोळ्याने सोडून दिलेलं जाळं, वर जाणारा तडा, सगळं तेच. दोन जखमा शेजारी शेजारी, डावी काळाने केलेली आणि उजवी ताईने.

मी बघायला गेलो तेव्हा नाक भिंतीला टेकवून उभा राहिलो. कुठली खरी ते मला सांगता येईना. हात लावू का विचारलं तर ताईने माझ्या हातावर चापट मारली. आयुष्यभर खोटं खऱ्यात खपवणाऱ्या माणसाने खोटं भोक केलं होतं, आणि माझा ऊर इतका भरून आला की तिला चिडवायचंही सुचलं नाही. हूंबाई येऊन बघून गेल्या होत्या म्हणे. हूं म्हणाल्या नाहीत, खुर्ची मागवून बसल्या.

परीक्षणाच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. तिथे मागे उभं राहून कुणालाही बघता येतं, फक्त तोंड बंद ठेवायचं. माझ्यासाठी हे अवघड होतं, पण म्हटलं जमवू. आम्ही लवकर पोहोचलो. हॉल झाडून पुसून लख्ख केला होता, ताज्या रंगाचा वास येत होता. ताई मागच्या भिंतीकडे गेली आणि थांबली.

भिंत पांढरी होती. वरपासून खालपर्यंत सपाट, गुळगुळीत, पांढरी. ना डावं भोक, ना उजवं.

कोपऱ्यात एक गवंडी आपली थापी धूत होता. मी त्याच्याकडे धावलो.

"इथलं काय केलंत?"

"बुजवलं," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, पाहुणे येणारेत, हॉल नीटनेटका करा. काल दुपारभर लागलो होतो. दोन मोठी खिंडारं होती. या बाजूचं तर फारच चिवट, आत कसलं प्लास्टर होतं देव जाणे."

सांगणाऱ्याने सरसकट सांगितलं आणि करणाऱ्याने चोख केलं. मी तोंड उघडलं, पण ताई माझ्या आधी बोलली. ती भिंतीवरून तळहात फिरवत होती.

"दादा, कड कुठाय?"

"कसली कड?"

"जुनी भिंत संपते आणि तुमचं काम सुरू होतं, ती."

"ती दिसली तर मग काम काय केलं?" गवंडी जरा फुगून म्हणाला.

ताईने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, आणि तरी ती भिंतीला डोळा लावून तिरक्या उजेडात ती कड शोधत होती. मला रडावं की हिला हलवून शुद्धीवर आणावं कळेना. "काल कुणाला विचारायचं नाही का?" मी गवंड्यावर ओरडलो. ताई म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस. मी असते तर मीही बुजवलंच असतं."

तेवढ्यात परीक्षक आलेच. हूंबाई, एक उंच सर आणि बाहेरून आलेले एक पाहुणे, ज्यांनी ताईचं काम आधी पाहिलेलं नव्हतं. एकेका मुलाचं काम बघत बघत ते मागच्या भिंतीपाशी पोहोचले. सगळी पोरं जमली होती, त्यांना कळलं होतं. हूंबाईंचा चेहरा पडला. पाहुण्यांनी भिंतीकडे पाहिलं, खाली पाहिलं, वर पाहिलं. "काम कुठे आहे?"

नियमाप्रमाणे ताईला बोलता येत नव्हतं. पोरांतून कुणीतरी "पण काकूंचं" म्हणून सुरुवात केली, तर उंच सरांनी हात वर केला. मी जीभ चावून उभा होतो. माझ्या आयुष्यात मी इतका गप्प कधी राहिलो नाही.

ताईने पिशवीतून मेण कोरायची आपली सुरी काढली. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं, कान लावला, जरा सरकली, पुन्हा टकटक केलं. मग एका जागी सुरीचं टोक रोवलं आणि गवंड्याने भरलेलं लुकण काढायला लागली.

भराभर नाही. भराभर काढलं असतं तर खालचं तिचं काम फुटलं असतं. गवंड्याचं लुकण अजून आतून ओलसर होतं, तिचं प्लास्टर दगडासारखं कठीण, आणि त्या दोहोंच्या मधून ती सुरी चालवत होती. करंगळी भिंतीवर टेकलेली, मनगट स्थिर, फक्त दोन बोटं हलतायत. मध्येच फुंकर. मध्येच साध्या ब्रशने धूळ झटकायची. पहिल्यांदा विटेचा एक कोपरा लाल दिसला, तेव्हा पोरांतून एकदम श्वास सोडल्याचा आवाज आला. पाहुणे पुढे सरकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हूंबाई जमिनीवरच बसल्या. एका ठिकाणी सुरी घसरली आणि ताईने केलेल्या विटेचा कपचा उडाला. ताईने तो उचलून बघितला, बाजूला ठेवला आणि पुन्हा सुरी चालवू लागली. गवंडीही थापी हातात धरून येऊन उभा राहिला होता. आपलंच काम उकरलं जातंय याचा त्याला राग आला असेल असं मला वाटलं, पण तो माझ्या कानाशी कुजबुजला, "हात बघा बाईंचा."

मी तेच बघत होतो. याच हातांनी तिने माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घातली, वडिलांना शेवटी शेवटी भरवलं, आणि रोज सकाळी डबा भरून जे काम करायला ती जायची, ते काम हे होतं. ते इतकं सुंदर असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा जेमतेम अर्धी जखम उघडी झाली होती. ताईने सुरी खाली ठेवली. तिघं कोपऱ्यात जाऊन कुजबुजले, मग हूंबाई परत आल्या. त्या इतकं सलग बोललेल्या कुणी ऐकलं नव्हतं.

"हे बघा, चूक कॉलेजची आहे. पूर्ण कामाचे फोटो माझ्याकडे आहेत. तुम्ही एक अर्ज द्या, फोटोंवरून आम्ही तुम्हाला पास करतो. खोली तुमची."

माझा जीव भांड्यात पडला. मी ताईकडे पाहिलं. आता तिला बोलायला हरकत नव्हती.

"आणि आत्ता जे केलं त्याचं काय?" तिने विचारलं.

"ते आम्ही बघितलंच. फार... हूं. फार बघण्यासारखं होतं. पण नियमाने काम वेळेआधी पूर्ण लागतं. त्याला मार्क द्यायचे तर 'अपूर्ण' असा शेरा येईल आणि वर्ष पुन्हा करावं लागेल. म्हणून म्हणते, अर्ज द्या."

"मग अपूर्णच लिहा," ताई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हूंबाईंनी दोनदा समजावलं. उंच सरांनी समजावलं. ताई सगळ्यांना हो हो म्हणाली आणि अर्ज काही दिला नाही.

गाडीत बसल्यावर माझा बांध फुटला. "हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागलीस तू! आपण होऊन नापास झालीस, या वयात! खोली गेली, लॅबमधली जागा गेली. समोरच्या काकांना काय सांगायचं? चूक त्यांची आणि शिक्षा तुला? मी उद्या जाऊन भांडतो."

"भांडू नकोस," ताई म्हणाली. तिच्या नखांत लुकण अडकलं होतं, ती ते काढत होती. "तुला विचारायचं होतं ना, का गेले म्हणून? विचार आता."

मला विचारायचा धीर होईना. तिने स्वतःच सांगितलं.

"लॅबमध्ये दात चांगला झाला की त्याचं पुढे काही ऐकू यायचं नाही. बिघडला तरच डबी परत यायची. तीस वर्षं मला फक्त बिघडलेलं परत आलं रे. चांगल्या कामाकडे माणूस बघतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, हे मला बघायचं होतं. हे सांगायला लाज वाटायची. आज मी सारखी मागे वळून बघत होते, तुझं तिकडे लक्ष नव्हतं. पाहुणे बघत होते, पोरं बघत होती, तो गवंडी बघत होता. भिंतीकडे नाही, माझ्या हातांकडे. आणि त्याच्या बदल्यात फोटोवर सही करून पुढे जाऊ? चौथं वर्ष झालं की संपलंच ना. मला अजून एक वर्ष मिळतंय."

मी गाडी सुरूच केली नव्हती. किल्ली हातात तशीच होती. वर्षानुवर्षं मी घरात, दुकानात, रस्त्यात दिसेल त्याला प्रश्न विचारत आलोय. पण तिला विचारायला हवा होता तो प्रश्न मला त्या क्षणी सुचला.

"ताई, उद्या ते उरलेलं खणायला जाणार आहेस का?"

"जाणार तर. अर्धवट कसं टाकायचं?"

"मी येऊन बसू? बघायला?"

ताईने नख साफ करायचं थांबवलं.

"दुकान?" ती म्हणाली.

"बंद ठेवतो."

"मग स्टूल घेऊन ये," ताई म्हणाली, आणि पदराने तोंड पुसता पुसता तिने ते बराच वेळ पदरातच ठेवलं.